लीजवरून सुटलेली जुनी गाडी: सर्व्हिसचं वेळापत्रक कसं ठरवायचं

कंपनीच्या लीजवर तीन ते पाच वर्षं चाललेल्या गाड्या पुणे, मुंबई, ठाण्याच्या जुन्या बाजारात भरपूर येतात. त्यांची फाइल जाड असते, प्रत्येक बिलावर अधिकृत सर्व्हिस सेंटरचा शिक्का असतो आणि घेणारा निश्चिंत होतो. मग पहिली सर्व्हिस कधी करायची, तर काचेवरच्या स्टिकरवर लिहिली असेल तेव्हा. इथेच घोटाळा होतो. ते स्टिकर लीजचा हिशोब सांगतं. लीज कंपनीला गाडी चार वर्षं विनातक्रार चालवायची होती, तुम्हाला ती आणखी आठ-दहा वर्षं चालवायची आहे. जी कामं पाचव्या-सहाव्या वर्षी येतात, ती त्या फाइलमध्ये नसणारच, आणि चौथ्या वर्षीची बरीचशी पुढे ढकललेली असतात.

म्हणून जुनं वेळापत्रक पुढे चालू ठेवू नका. नवं मांडा. ते कसं मांडायचं, ते क्रमाने पाहू.

१. आधी हे कागद आणि ही साधनं जमवा

- त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, त्याच इंजिन-गिअरबॉक्सच्या ओनर्स मॅन्युअलमधला मेंटेनन्सचा तक्ता. नव्या मॉडेलचा चालत नाही. इंजिन तेच दिसलं तरी ऑइलचा ग्रेड बदललेला असू शकतो.
- अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून चॅसी नंबरवर काढलेली सर्व्हिस हिस्टरी.
- लीज कंपनीकडची मेंटेनन्सची बिलं. मिळतील तेवढी सगळी.
- इन्शुरन्स क्लेमची माहिती. पुढून ठोकलेल्या गाडीत रेडिएटर, एसी कंडेन्सर बदललेले असू शकतात. रेडिएटर बदलला असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, केव्हातरी पूर्ण रिकामं होऊन पुन्हा भरलं गेलं आहे.
- एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर तिची अटींसकट प्रत.
- आरसी. तीवर लीजची नोंद असेल तर लीज कंपनीच्या सहीचा फॉर्म ३५, आणि गाडी नावावर करण्यासाठी फॉर्म २९ व ३०. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी.

आरसीचा सर्व्हिसशी काय संबंध? संबंध आहे. गाडी तुमच्या नावावर नसेल तर बरीच सर्व्हिस सेंटर जुनी हिस्टरी द्यायला तयार होत नाहीत, आणि वॉरंटी तुमच्या नावावर वर्ग होणंही अडून राहतं. त्यामुळे हिस्टरी सौदा पक्का होण्याआधीच विकणाऱ्याकडून मागून घ्या. पैसे दिल्यावर ती मिळवणं अवघड होतं.

साधनं फार लागत नाहीत: टॉर्च, साधा मल्टिमीटर, टायरची खोली मोजायचा गेज, मोबाइलला ब्लूटूथने जोडला जाणारा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं साधन) आणि एक वही.

२. लीज कोणत्या प्रकारचं होतं, ते विचारा

दोन प्रकार प्रामुख्याने भेटतात, आणि दोन्हींत निराळ्या गोष्टी राहून जातात.

पहिल्यात मेंटेनन्स लीजच्या हप्त्यातच धरलेला असतो. गाडी वेळेवर सर्व्हिसला गेलेली असते, कारण वापरणाऱ्याच्या खिशातून काही जात नव्हतं. मात्र तक्त्यात छापलेलं तेवढंच काम झालेलं असतं. शेवटच्या आठ-दहा महिन्यांत टायर, ब्रेक पॅड, बॅटरी, क्लच यांचं काम ‘अजून चालेल’ म्हणून थांबवलेलं असतं. गाडी परत करायची असताना त्यावर खर्च करायला कोणी राजी नसतं.

दुसऱ्यात लीज फक्त पैशांचं असतं. गाडी वापरणारा कर्मचारी सर्व्हिस स्वतः करून घेतो आणि बिलं कंपनीत लावून रक्कम परत मिळवतो. या फाइलमध्ये बिलं पुष्कळ सापडतील, पण त्यांवरची एकूण रक्कम पाहू नका. सुट्या भागांच्या ओळी वाचा. आठ हजारांच्या बिलात वॉशिंग, पॉलिश, इंटीरिअर क्लीनिंग आणि एसीचा फोम हेच सहा हजारांचं असू शकतं. ऑइल फिल्टरची ओळ आणि ऑइल किती लिटर लागलं याची नोंद नसेल, तर ते बिल सर्व्हिसचा पुरावा धरू नका.

ड्रायव्हर होता का, हेही विचारून घ्या. साहेब मीटिंगमध्ये आणि ड्रायव्हर एसी लावून गाडीत, असे तास ओडोमीटरवर दिसत नाहीत. इंजिनाने ते सोसलेले असतात.

३. किलोमीटरचे तास करून बघा

सर्व्हिसचा तक्ता किलोमीटर आणि महिन्यांत छापतात, कारण गाडीत तेच मोजणं सोपं. ऑइल मात्र इंजिन किती तास चाललं त्यावर झिजतं.

हिंजवडी ते कोथरूड रोज ये-जा करणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरा. १०,००० किलोमीटरला इंजिन ५०० तास चाललं. तेच अंतर पुणे–नाशिक–संभाजीनगर फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधीच्या गाडीने ताशी ६० च्या सरासरीने कापलं तर तास होतात साधारण १६५. दोन्ही गाड्यांचं ओडोमीटर सारखंच, पण पहिल्या ऑइलने तिप्पट काम केलं.

सरासरी वेग शोधायचा कसा? बऱ्याच गाड्यांच्या डिस्प्लेवर ट्रिप बी (प्रवासाचा दुसरा मीटर) कधीच शून्य केलेली नसते, तिच्यात दीर्घ सरासरी मिळते. ती नसेल तर गाडीच्या अंगावरच्या खुणा वाचा. बॉनेटच्या पुढच्या कडेला आणि काचेवर खड्यांचे बारीक टवके असतील तर हायवे जास्त झाला. क्लच आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड दबलेली आणि किलोमीटर मात्र कमी, तर गाडी शहरात झिजली. किलोमीटर कमी आणि खुणा फारच जास्त असतील तर ओडोमीटरवर संशय घ्या. हिस्टरीतल्या प्रत्येक भेटीचं किलोमीटर तारखेनुसार चढतं आहे का, ते ताडून पाहा.

आता तक्त्यात परत या. मारुती, ह्युंदाई, होंडा यांचं सर्वसाधारण अंतर १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, तर स्कोडा-फोक्सवॅगनचं १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष. जे आधी होईल ते. त्या तक्त्याच्या खाली किंवा पुढच्या पानावर ‘कठीण वापर’ असा वेगळा भाग असतो आणि तो फारसं कोणी वाचत नाही. थांबत-थांबत चालणारी वाहतूक, जास्त वेळ उभ्या गाडीत इंजिन चालू, धुळीचे रस्ते, घाट, पाच-सात किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या: हे सगळं त्यात मोडतं. तिथे ऑइलचं अंतर बहुधा निम्म्यावर आणलेलं असतं. आपल्या शहरांत गाडी चालवणाऱ्या बहुतेकांचा वापर कंपनीच्या स्वतःच्या व्याख्येनुसार कठीणच ठरतो.

साध्या, टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनासाठी ऑइल ३०० तासांच्या आसपास बदलावं, असा सोपा हिशोब ठेवा. सरासरी ताशी २२ असेल तर ६,६०० किलोमीटर, ४० असेल तर १२,०००. पण मॅन्युअलने दिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही, त्यामुळे दुसऱ्या गाडीलाही १०,००० च. टर्बो पेट्रोलला २५० तासच धरा.

४. पहिल्या महिन्यात पायाभूत सर्व्हिस

नियम एकच: बिलावर सुट्या भागाचा नंबर, तारीख आणि किलोमीटर असेल तर काम झालं. नसेल तर झालेलं नाही असं धरा. सेंटरचा माणूस तोंडी काहीही सांगो.

*इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर.* स्टिकर काहीही म्हणत असलं तरी बदला. १.२ ते १.५ लिटर पेट्रोलला बहुधा तीन ते पावणेचार लिटर लागतं, १.५ डिझेलला साडेचार ते साडेपाच. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहून तेवढंच घाला. ग्रेडही तिथलाच. ‘इकडे गरम हवा आहे, जाड घाला’ हा सल्ला ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० अशा पातळ ऑइलवर बनलेल्या इंजिनाला लागू नाही. ड्रेन प्लगचं वॉशर नवं लावायला सांगा. दहा-वीस रुपयांचं ते वॉशर तेच परत लावल्यामुळेच बरीच गळती होते.

*ब्रेक ऑइल.* हवेतला ओलावा ते शोषतं, मग गाडी चालो की उभी राहो. डॉट ४ ग्रेडचं नवं ऑइल किमान २३० अंशांना उकळायला हवं, आणि ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा आहे १५५ अंश. खंबाटकी किंवा आंबोली घाट उतरताना ब्रेक तापतात, ऑइलात वाफ धरते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला. लीजच्या फाइलमध्ये हे काम चार वर्षांत दोनदा दिसायला हवं, प्रत्यक्षात बहुधा एकदाच सापडतं. चारही चाकांतून जुनं काढून नवं भरायला अर्धा लिटरच्या दोन बाटल्या हाताशी असू द्या. नुसती वरची टाकी रिकामी करून भरली तर चाकाजवळच्या कॅलिपरमधलं (पॅड दाबणाऱ्या भागातलं) जुनं ऑइल तसंच राहतं.

*कूलंट.* रंगावरून जात ठरवू नका, मॅन्युअल पाहा. नव्या गाड्यांतलं मूळ कूलंट दीर्घकाळ टिकणारं असतं आणि चार वर्षांत बदलायची गरज बहुधा नसते. पण टाकीत तोंडाशी पांढरट थर दिसला, रंग फिका पडला, किंवा क्लेममध्ये रेडिएटर बदललेला निघाला, तर कोणीतरी नळाचं किंवा बोअरचं पाणी घातलेलं असू शकतं. अशा वेळी पूर्ण काढून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन नवं भरा. वरून वेगळ्या जातीचं मिसळू नका.

*एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर.* काढून उजेडात धरा. शंका आली तर बदला, महाग नाहीत.

*स्पार्क प्लग.* साधे निकेलचे ३०,००० ते ४०,००० किलोमीटर जातात, इरिडियमचे साधारण एक लाख. कोणते आहेत हे बिलावरच्या पार्ट नंबरवरून कळतं. नोंद नसेल तर एक काढून बघा.

*टायर.* बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. खोली १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेच टायर संपला. पावसाळ्यात तीनच्या खाली जाऊ देऊ नका. स्टेपनीचेही आकडे पाहा.

*ब्रेक पॅड आणि डिस्क.* पॅड ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर बदला. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने मोजायला सांगा.

*बॅटरी.* रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ दिसत असेल आणि बॅटरी चार वर्षांची असेल, तर पैसे बाजूला काढून ठेवा.

ओबीडी स्कॅनर जोडलात की फक्त फॉल्ट कोड पाहून थांबू नका. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ हा आकडा बघा. गाडी ६२,००० चालली आहे आणि कोड पुसून फक्त ४० किलोमीटर झालेत, तर विकण्याआधी कोणीतरी इंजिनचा दिवा घालवला आहे. दोनशे-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा तपासा.

५. ‘लाइफटाइम’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टी

लीजवरच्या गाडीत सर्वांत महागात पडणारं काम इथे लपलेलं असतं. चार वर्षांच्या वापरात गिअरबॉक्सच्या ऑइलला हात लावायची पाळी येत नाही. पुढच्या आठ वर्षांत न लावणं परवडत नाही.

मॅन्युअल गिअरबॉक्सला साधारण दोन लिटर लागतं. ६०,००० किलोमीटरच्या आसपास एकदा बदला. ग्रेड मॅन्युअलमधलाच. जीएल-४ सांगितलेल्या ठिकाणी हाताशी असलेलं जीएल-५ ओतलं तर काही गिअरबॉक्समधल्या सिंक्रोनायझरचं पितळ खराब होतं.

टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकमध्ये ड्रेन प्लग उघडल्यावर सगळं ऑइल बाहेर पडत नाही. कन्व्हर्टरमध्ये बरंचसं राहतं. म्हणून ६०,००० च्या आसपास एकदा काढून भरा आणि पुढच्या सर्व्हिसला पुन्हा एकदा. जुन्या, न बदललेल्या गिअरबॉक्सवर मशिनने जोराचं फ्लशिंग करायला सांगणाऱ्याला नको म्हणा. ऑइलची पातळी ठरावीक तापमानालाच तपासायची असते, ते तापमान स्कॅनरवर बघून काम करणारा मेकॅनिकच निवडा.

सीव्हीटीला (पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकला) फक्त कंपनीने नाव देऊन सांगितलेलं फ्लुइड. ‘हे सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं ऐकलंत की गाडी तिथून काढा. पट्टा आणि पुली यांच्यामधलं घर्षण त्या फ्लुइडवरच अवलंबून असतं. शहरातल्या वापराला ४०,००० किलोमीटरचं अंतर ठेवा.

एएमटीमध्ये (स्वतः गिअर बदलणाऱ्या मॅन्युअलमध्ये) गिअरबॉक्स साधाच, पण क्लच मशीन दाबतं. ट्रॅफिकमध्ये गाडी रांगवत चालवली की तो लवकर झिजतो. चढावर सुटताना झटका बसणं, गिअर पडायला उशीर होणं ही पहिली लक्षणं. क्लच बदलल्यावर स्कॅनरने पुन्हा शिकवावा लागतो, ते काम बिलात लिहिलेलं हवं. ड्राय क्लचच्या डीसीटीचंही (दोन क्लचच्या ऑटोमॅटिकचंही) बरंचसं असंच, फक्त खर्चाचा आकडा मोठा.

आता टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा. काही इंजिनांत त्याच्या जागी चेन असते. मारुतीची के-सिरीज, होंडाची आय-व्हीटेक, ह्युंदाईची १.२ कप्पा, फियाटचं १.३ मल्टिजेट यांत चेन असते. स्कोडा-फोक्सवॅगनचं १.० आणि १.५ टीएसआय, डस्टरमधलं १.५ डीसीआय, इकोस्पोर्टमधलं १.५ टीडीसीआय यांत बेल्ट. बेल्टला किलोमीटर आणि वर्षं अशा दोन मर्यादा असतात. हायवेवरच्या लीज गाड्या पाच वर्षांत लाखभर किलोमीटर सहज करतात, म्हणजे तो खर्च थेट तुमच्या वाट्याला येतो. सौदा करतानाच मर्यादा किती जवळ आहे ते पाहा आणि किमतीत धरा. बेल्ट बदलताना टेन्शनर, आयडलर आणि त्याच बेल्टवर चालणारा वॉटर पंप असेल तर तोही बदला. मजुरी एकदाच लागते. इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्टमध्ये बेल्ट ऑइलमध्ये बुडलेला असतो. तिथे चुकीच्या ऑइलने बेल्टचे कण सुटून ऑइल पंपाची जाळी चोंदते. त्या इंजिनात ऑइलच्या ग्रेडबाबत तडजोड नाही.

चेनवाल्यांनीही निर्धास्त होऊ नये. चेनचा टेन्शनर बहुधा ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल उशिरा बदललं की चेन सैल पडते. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खळखळ ऐकू येत असेल तर तपासून घ्या.

६. डिझेल असेल तर

१ एप्रिल २०२० नंतर नोंदलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळायला गाडी काही वेळ एका वेगात चालावी लागते. ऑफिसपर्यंतच्या आठ किलोमीटरच्या फेऱ्यांत हे जळणं अर्ध्यात तुटतं, त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी वाढते. पातळी वाढलेली पाहून ‘ऑइल खात नाही, छान आहे’ असं समजू नका. खुणेच्या वर असेल किंवा डिझेलचा वास येत असेल तर ऑइल ताबडतोब बदला.

ऑइल कमी राखेचंच हवं. मॅन्युअलमध्ये सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं सापडेल. जुन्या डिझेलचं स्वस्त ऑइल डीपीएफमध्ये राख भरतं, आणि राख जळून जात नाही. शहरात वापर असेल तर आठवड्यातून एकदा हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं स्थिर वेगाने चालवा. तेवढंही जमणार नसेल तर डिझेल घेण्याचा पुन्हा विचार करा, हे मी कळकळीने सांगतो.

डिझेल फिल्टर तक्त्याप्रमाणे बदला आणि त्यात साठलेलं पाणी प्रत्येक सर्व्हिसला काढायला सांगा. ॲडब्लूची (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या द्रवाची) टाकी असेल तर दिवा लागायची वाट न बघता सीलबंद डब्यातूनच भरा.

पेट्रोलवाल्यांसाठी एक वेगळी नोंद. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या दहा टक्के इथेनॉलसाठी बनलेल्या आहेत, आणि आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. टाकीच्या झाकणावरचं स्टिकर आणि मॅन्युअल पाहा. इंधनाचे रबरी पाइप, सांधे यांना ओल, भेग किंवा वास आहे का, हे प्रत्येक सर्व्हिसच्या यादीत घाला.

७. प्रत्येक भागाला स्वतःचं घड्याळ द्या

आता वहीत चार रकाने करा: भाग, शेवटचं काम केव्हा (तारीख आणि किलोमीटर), मुदत, पुढची तारीख. गाडीचं ओडोमीटर ६२,००० आहे म्हणून ‘६०,००० ची सर्व्हिस’ करायची, ही पद्धत सोडा. ब्रेक ऑइल ४१,००० ला बदललं असेल तर त्याचं घड्याळ तिथून सुरू होतं.

उदाहरण घेऊ. १.५ पेट्रोल, मॅन्युअल गिअर, नोंदणी ऑगस्ट २०२१, खरेदी ऑगस्ट २०२५, ओडोमीटर ६२,०००. पुढचा वापर पुण्यात, वर्षाला ९,०००, सरासरी ताशी २२. हिस्टरीत दर १०,००० ला ऑइल आहे, शेवटचं फेब्रुवारी २०२५ मध्ये. ब्रेक ऑइल २०२३ मध्ये एकदा, एअर फिल्टर ४१,००० ला, प्लग मूळचे इरिडियम, गिअर ऑइल कधीच नाही.

- ऑगस्ट २०२५, ६२,०००: ऑइल, फिल्टर, केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, अलाइनमेंट, टायर रोटेशन.
- मे २०२६, सुमारे ६९,०००: ऑइल, फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक उघडून कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस, वायपर, बॅटरी चाचणी. पावसाच्या आधी हे नेमकं बसतं.
- मार्च २०२७, ७६,०००: ऑइल, फिल्टर, केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइलची मुदत खरं तर ऑगस्टमध्ये आहे, पण त्यासाठी वेगळी फेरी मारण्यापेक्षा अलीकडे ओढा. पुढे ढकलू नका.
- डिसेंबर २०२७, ८३,०००: ऑइल, फिल्टर, सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड तपासणी, अलाइनमेंट.
- सप्टेंबर २०२८, ९०,०००: ऑइल, फिल्टर, केबिन फिल्टर, कूलंटची तपासणी, फॅन बेल्ट.
- २०२९ च्या मध्यावर, ९७,०००: ऑइल, फिल्टर, प्लग, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंटची मुदत मॅन्युअलप्रमाणे आली असेल तर तेही.

इथे २०२७ नंतर ब्रेक ऑइलची पाळी मार्च २०२९ ला येते आणि सर्व्हिस त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पडते. घाटात नेहमी जाणाऱ्यांनी ते सप्टेंबर २०२८ लाच उरकावं.

वापर बदलला, नोकरी बदलली, गाडी घरीच उभी राहायला लागली, तर पुन्हा हिशोब करा. वर्षाला ३,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचंही ऑइल वर्षाला एकदा बदलावंच लागतं.

८. कुठे करायची आणि काय नाकारायचं

वॉरंटी शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत अधिकृत सेंटर सोडू नका. एखादी सर्व्हिस मुदतीनंतर झालेली दिसली, तर वॉरंटी अजून लागू आहे का, हे सेंटरकडून ईमेलवर लिहून घ्या. चॅसी नंबरवर एखादा रिकॉल (दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाडी परत बोलावणं) बाकी आहे का, तेही कंपनीच्या वेबसाइटवर तपासा. ते काम फुकट होतं, आणि लीजच्या काळात हस्तांतर होताना राहून गेलेलं असू शकतं.

वॉरंटी संपल्यावर चांगलं खासगी गॅरेज पुरेसं आहे. मात्र त्याच्याकडे तुमच्या गाडीच्या ब्रँडचं नीट स्कॅन करणारं मशीन हवं, आणि सुटे भाग तुमच्यासमोर खोक्यातून निघाले पाहिजेत.

जॉब कार्ड (करायच्या कामांची यादी) लिहिताना सेंटरचा ॲडव्हायझर काही कामं सुचवेल. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बन, इंजिन कोटिंग, एसी डिसइन्फेक्शन. त्याला विचारा: हे मॅन्युअलच्या तक्त्यात आहे का, आणि नसेल तर कोणत्या लक्षणासाठी? लक्षण नसेल तर नको. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनाला फ्लश लागत नाही. ज्या इंजिनात गाळ साठला आहे, तिथे तर फ्लशने सुटलेला गाळ ऑइलच्या जाळीत अडकू शकतो. अशा इंजिनाला दर ३,००० किलोमीटरला एकदा, असं दोनदा ऑइल बदलणं जास्त सुरक्षित.

त्या पैशांत कोकणात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांनी पावसाळा संपल्यावर गाडी रॅम्पवर चढवून खालून धुवून घ्यावी, दारांच्या खालची पाण्याची भोकं मोकळी करून घ्यावीत, आणि सायलेन्सर व सबफ्रेमवरचा गंज पाहावा. मराठवाडा-विदर्भातल्यांनी मार्चमध्ये रेडिएटरचा पंखा, कूलंटची पातळी आणि बॅटरी बघावी. पावसात एकाच जागी उभ्या राहणाऱ्या गाडीचं बॉनेट आठवड्यातून एकदा उघडा. उंदरांनी वायरिंग कुरतडण्याचा खर्च चार सर्व्हिसइतका होऊ शकतो.

९. बिल हातात घेताना

काउंटर सोडण्याआधी बिलावर एवढं आहे का ते पाहा: तारीख, ओडोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि लिटर, प्रत्येक भागाचा नंबर, ब्रेक पॅड आणि टायर मोजल्याचे मिलिमीटर, आणि पुढे सुचवलेलं काम. नसेल तर तिथेच लिहून मागा. जुना फिल्टर दाखवायला सांगा. घरी आल्यावर गाडी सपाट जागी दहा मिनिटं उभी करून डिपस्टिक पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ हवं, वर नको. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली थेंब आहेत का बघा, आणि मग वहीतल्या शेवटच्या रकान्यात नवी तारीख लिहा.